डावीकडची खूण

९ ऑक्टोबर

प्रिय छोटी,

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही असाल. बाबांची तब्येत सुधारते आहे. भूक लागते, झोप लागते. डाव्या हातात अजून जोर नाही. बोलणं पहिल्यासारखं स्पष्ट झालंय, म्हणजे टोमणेही स्पष्ट झालेत.

फोन असताना पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. फोनवर बाबा शेजारी असतात. आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझा निरोप मिळाला. खोली रिकामी केलीस, तळमजल्यावर आहे, न्हाणीघर लागूनच आहे, सकाळचं ऊन येतं. बाबांना न्यायला कधी येऊ, विचारतेस. ते सांगतेच. आधी इकडचं थोडं ऐक.

माझ्याकडे सध्या शाळेच्या भूमितीच्या पुस्तकाचं काम आहे. नवी आवृत्ती आहे, सगळ्या आकृत्या नव्याने काढायच्या. ऑफिसात कुणाला माहीत नाही, पण खुणा अजून बाबाच करतात. मी कोऱ्या आकृत्या छापून घरी आणते. चहा झाला की ते लाल पेन्सिल घेऊन बसतात. ज्या दोन बाजू सारख्या, त्यांच्यावर एकेक आडवी रेघ. दुसरी जोडी असेल तर दोन-दोन रेघा. सारख्या कोनांना कंस. मग मी त्या खुणा संगणकावर चढवते. ते निवृत्त झाले तेव्हापासून असंच चाललंय. आकृती माझी, खूण त्यांची.

दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, त्यांना गुंतवून ठेवा. म्हणून मी पुन्हा कागद पुढे ठेवू लागले.

तुला त्यांचं ते वेड आठवतं का? फळ्यावर मुद्दाम वाकडा त्रिकोण काढायचे. एक बाजू लांब, एक आखूड, आणि दोन्हींवर सारखी खूण. पोरं ओरडायची, सर, चुकलं. ते म्हणायचे, "डोळ्यांना काय दिसतं ते मी विचारलं नाही. खूण काय सांगते?" घरीही तेच. कलिंगड कापलं की आपल्या दोघींच्या फोडींच्या सालीवर सुरीच्या टोकाने एकेक रेघ मारायचे. एकरूप. तू रडायचीस, ताईची मोठी आहे. "खूण आहे ना? मग संपला वाद." जी उशिरा यायची तिचा वाटा ताटात तसाच राहायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही.

आणि तो त्रिकोण. वर अ, डावीकडे ब, उजवीकडे क. "अ म्हणजे मी. ब मोठी. क धाकटी. अब आणि अक, दोन्ही सारख्या." हे ऐकून ऐकून मला समद्विभुज त्रिकोण दिसला की आपलं घरच दिसतं.

तू कधी भूमिती केली नाहीस. तू खुणांना पानं काढायचीस. दोन रेघा असल्या की त्यांचं रोप व्हायचं. बाबा हसून हसून बेजार. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, अजून आहे. माझी खूण केसभर सरकली तर म्हणायचे, "मोठे, खूण मध्यावर हवी." तीच मोठी पुढे पोटासाठी मध्यावर खुणा करत बसली. असो.

आता ऐक. गेले काही दिवस बाबा त्रिकोणाच्या एकाच बाजूला खूण करतात. उजव्या. अक. अब कोरी. मी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला, "बाबा, राहिलंय." त्यांनी बघितलं. म्हणाले, "काही राहिलेलं नाही." एकट्या खुणेला काही अर्थ नसतो, हे मला त्यांनीच शिकवलंय. कशाच्या बरोबर सारखी, ते सांगावं लागतं. पण त्यांना आता बहुधा बरोबरी करायचीच नाहीये. खालच्या बाजूवरची खूणसुद्धा मध्यावर नसते. क-च्या दिशेला सरकलेली असते. माझे डोळे या कामात मुरलेत, छोटी. मला ते दिसतं.

जेवतानाही तेच. अर्धं ताट जेवतात, अर्धं ठेवतात. सुरीने कापल्यासारखं. मी विचारलं, "हे कुणासाठी?" तर म्हणतात, "कुठे काय? संपलं की." मी मुकाट्याने ते झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी मीच खाते. महिनाभर तुझा वाटा खातेय मी.

मी त्यांच्या डाव्या हाताशी बसते, कारण त्याच हाताला मदत लागते. घास तोडून देते, बटणं लावते. ते माझ्याकडे बघत नाहीत. मी काही विचारलं की उजवीकडे बघून उत्तर देतात. उजवीकडे भिंतीवर तुझा पदवीचा फोटो आहे. तिथेच प्लग आहे, म्हणून फोनही तिथेच पाण्याच्या जगला टेकवलेला असतो. तू फोनवर दिसलीस की त्यांचा चेहरा असा उजळतो, की मला वाटतं खिडकी उघडली.

गेल्या रविवारी तुला म्हणाले, "दिवसभर घरात एकटाच असतो गं." आणि तू मला म्हणालीस, "ताई, बाबांना असं एकटं का ठेवतेस?" मी तेव्हा तिथेच होते. चमचा माझ्या हातात होता. तुला फोनवर फक्त तो चमचा दिसला असेल.

त्यावरून तू खोली रिकामी केलीस.

तर ये. हा महिना संपला की ये आणि घेऊन जा. मी अडवणार नाही. त्यांचे कपडे मी इस्त्री करून ठेवीन. लाल पेन्सिलीही देईन. फक्त तो पानांचा कागद कपाटातून तूच काढ. मला जमणार नाही.

तुझी,
ताई


३१ ऑक्टोबर

प्रिय छोटी,

रविवारनंतरचा तुझा निरोप वाचला. "बाबांना यायचं नाहीये, ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. राहू दे ताई. त्या खोलीत मुलांचं टेबल ठेवते." मी त्यावर नुसतं "बरं" असं पाठवलं. तेवढंच पाठवून चार दिवस काढले.

मागच्या पत्रानंतर इकडे बरंच झालं. तू रागावली असशील तर राग थोडा बाजूला ठेव. शेवटी लागेलच.

दवाखान्याने व्यायामासाठी एक बाई पाठवायला सुरुवात केली. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. बाबांना सर म्हणतात, म्हणून बाबा त्यांचं ऐकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कोऱ्या कागदावर एक लांब आडवी रेघ ओढली.

"सर, हिच्या मध्यावर खूण करा."

"पट्टी द्या."

"पट्टीशिवाय. अंदाजाने."

"अंदाजाने भूमिती होत नाही, बाई."

"व्यायाम होतो, सर."

बाबांना हसू आलं. पेन्सिल टेकवली, मान तिरकी करून नीट बघितलं आणि खूण केली. उजव्या टोकापासून चार बोटांवर.

"हा मध्य?"

"जन्म गेला माझा मध्य काढण्यात. मोजून घ्या."

बाईंनी मोजलं नाही. कागद घडी करून बाजूला ठेवला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताटात डावीकडचं राहतं का?"

"राहतं."

"केस?"

"उजवीकडचेच विंचरतात. मला वाटलं, घाई करतात."

"डोळे शाबूत आहेत त्यांचे. पण डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या मेंदूच्या ध्यानात येत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर होतं असं. जग त्यांच्या नाकासमोर संपतं. पलीकडचं राहिलंय, हेही त्यांना कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवताना कुठे बसता?"

"डावीकडे."

 टेबलाशी माझी खुर्ची होती, तिच्याकडे त्या बघत राहिल्या.

मी त्यांना त्रिकोण दाखवले. चौकोनही दाखवले. छोटी, चौकोनांतही डावीकडच्या बाजू कोऱ्या होत्या. वर्तुळांतल्या डावीकडच्या कोनांना कंस नव्हते. ते कागद रोज माझ्या हाताखालून जात होते. पण चौकोनात मला तू आणि मी दिसत नव्हतो, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. माझं सगळं लक्ष अक-वर.

त्या दिवशी दुपारी मी अर्धं झालेलं ताट नुसतं फिरवलं. उरलेला भात उजवीकडे आला. बाबा म्हणाले, "अगं, परत वाढलंस? मी म्हटलं आज एवढ्यात संपलं कसं." आणि सगळं संपवलं. बोटं चाटली. महिनाभर ते अर्धपोटी उठत होते आणि मी तुझ्यावर जळत ते शिळं खात होते.

मग मी खुर्ची उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवली आणि बसले.

ते माझ्याकडे बघत राहिले. तुझ्याकडे बघतात तसेच, छोटी. तोच चेहरा. मला कधी वाटलं नव्हतं की तो चेहरा मलाही मिळू शकतो.

"अगं मोठे, तू कधी आलीस?"

"मी इथेच होते, बाबा."

"किती वाळलीस." मग आवाज उतरवून म्हणाले, "छोटीला सांगू नकोस, पण तुझी फार वाट बघितली."

हे मी तुला सांगणार नव्हते. त्यांनीच नको म्हटलंय. तरी लिहिलं. का लिहिलं, ते तुला बरोबर कळेल. तू माझी बहीण आहेस.

आता बाईंनी काय सांगितलं ते ऐक, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या म्हणाल्या, सगळं उजवीकडे आणून ठेवलंत तर ते असेच राहतील. त्यांना मान वळवायला लावा. ज्याच्यासाठी मान वळवावीशी वाटेल, असं काहीतरी डावीकडे ठेवा. मग डावीकडून नावाने हाक मारा आणि थांबा. हाक मारल्याशिवाय ते वळणार नाहीत.

"घरात त्यांना सर्वांत जास्त काय आवडतं?"

मी ओट्यावरचा कप विसळायला घेतला.

"एखादी वस्तू, एखादं माणूस?"

"माझी धाकटी बहीण."

"मग तिला डावीकडे ठेवा," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

मी तुझा फोटो काढून डावीकडच्या भिंतीवर लावला. फोनही तिकडे नेला, लांब वायर आणून. बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. एक सोडून.

रविवारी तुझा फोन आला. तू डावीकडे. मी उजवीकडे. तू "बाबा, बाबा" करत होतीस. त्यांना आवाज ऐकू येत होता. ते म्हणाले, "छोटीचा आवाज येतोय," आणि माझ्याच तोंडाकडे बघत राहिले, जणू तो माझ्यातून येत होता. मला फक्त त्यांच्या पलीकडे जाऊन तुझ्या बाजूने हाक मारायची होती आणि थांबायचं होतं. दोन पावलं. मी उठले नाही. मी त्यांना चमच्याने सूप देत राहिले. सूप त्यांचं त्यांना घेता येतं, उजवा हात चांगला आहे.

तू विचारलंस, "बाबांना माझा राग आलाय का? न्यायचं म्हटलं म्हणून?" मी म्हणाले, "नाही गं, दमलेत." तू रडलीस. मला दिसलं. मी जरा मान पुढे काढून बघितलं, मग सरळ बसले. वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असताना आत कुठेतरी गारही वाटत होतं. ते गार वाटणं मला चांगलं ओळखीचं आहे. लहानपणी तुझ्या एका कागदावर शेवटी एकदा बाबांनी लाल फुली मारली होती, तेव्हाही असंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला. राहू दे ताई. बाबा माझ्याकडे राहणार हे ठरलं, आणि ते तू ठरवलंस. मला काहीच करावं लागलं नाही. मी खूश होते. मंगळवारभर होते. ऑफिसात गाणं गुणगुणले, शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "आज काय विशेष?"

बुधवारी बाबा कागद घेऊन बसले होते. मी उजवीकडेच. ते एकदम म्हणाले, "छोटीने फोन का ठेवला गं त्या दिवशी? रडत होती."

म्हणजे तुझं रडणंही त्यांना ऐकू आलं होतं.

"कुठे होती ती?" त्यांनी विचारलं. त्यांनी उजवीकडे भिंतीवर बघितलं. तिथे नुसता खिळा. "फोटो कुठे गेला?"

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला बघायचं होतं, ते किती शोधतात. ते शोधत राहिले. खिळा, खिडकी, समोरचं कपाट. मग मान अडली. तिथे त्यांचं जग संपतं. मला वाटलं, सोडतील आता. त्यांनी सोडलं नाही. उजव्या हाताने टेबलाची कड धरली आणि स्वतःला ओढल्यासारखं करून मान पुढे नेली. कुणी हाक मारली नव्हती. बाई म्हणाल्या होत्या हाकेशिवाय वळणार नाहीत. ते वळले. तुझा फोटो दिसला तेव्हा "हं" म्हणाले. एवढंच.

 माझ्यासाठी त्यांनी मान वळवली नव्हती. मी महिनाभर त्याच बाजूला बसले होते, श्वास घेत, बोलत, बटणं लावत.

मान परत आणताना त्यांची नजर टेबलावरून आली. कागदावरून. आणि मध्येच थांबली. कागदावर त्यांनीच नुकताच खूण केलेला त्रिकोण होता, अक-वर लाल रेघ, अब कोरी.

"हे कुणी सोडलं?"

शाळेतला आवाज, छोटी. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"तुम्हीच, बाबा."

"मी? मी असं अर्धवट ठेवीन?" माझ्यावरच खेकसले. "तू शेजारी बसून काय करतेस मग? बघायला नको?" आणि पेन्सिल घेऊन, डोळे बारीक करून, हात पार पलीकडे नेऊन त्यांनी अब-वर खूण केली. थरथरती. मध्यावर नाही, बरीच खाली. पण केली. मग दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "घे. चढव संगणकावर."

मी चढवलं नाही. तो कागद कपाटात तुझ्या पानांच्या शेजारी चिकटवलाय.

मी कालपासून एकच विचार करतेय. ते तुझ्यासाठी वळले नसते, तर माझ्या बाजूपर्यंत पोचलेच नसते. आणि वळल्यावर जे राहिलेलं दिसलं, ते त्यांना सहन झालं नाही. यातलं मी कुठलं एक घेऊ? मी दोन्ही घेतलीत. पहिलं अजून घशाखाली उतरत नाही.

म्हणून हे पत्र. बाबांना तुझा राग आलेला नव्हता. मी तुला त्यांच्या नजरेबाहेर बसवलं आणि तिथेच राहू दिलं. मुलांचं टेबल त्या खोलीत ठेवू नकोस. निदान एवढ्यात नको. तू ये. न्यायचं की नाही ते इथे बसून ठरवू, आणि त्यांनाही विचारू. आपण दोघींनी अजून त्यांनाच विचारलेलं नाही. आलीस की टेबलाशी डावीकडची खुर्ची तुझी. बाईंचाच सल्ला आहे, मी मनाचं सांगत नाही. उजवीकडची मात्र मागू नकोस. काही दिवस तरी ती मी सोडणार नाही.

फोन अजून डावीकडेच आहे. रविवारी कर. मी पलीकडे जाऊन तुझ्या बाजूने त्यांना हाक मारीन, आणि ते वळेपर्यंत थांबेन.

तुझ्याइतकीच त्यांची,
ताई